बोटुकली बॅगेत जिवंत, तिसऱ्या दिवशी तळ्यात मेलेली: वाहतुकीतला ताण नेमका कुठे बसतो

श्रावणात तळ्यात मत्स्यबीज सोडून झालं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून फोन सुरू होतात. बोलणं दरवर्षी जवळपास तेच असतं. "दादा, बॅगा उघडल्या तेव्हा सगळं बीज तरतरीत होतं. एकही मेलेलं नव्हतं. आज सकाळी कडेला शंभरेक पांढरी पडलीत, आणि अजून येतायत. बीजच खराब दिलं का हो?"

माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच म्हणालो होतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं, रोहू आणि कटल्याची चार हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), रात्रभराचा टेम्पोचा प्रवास. दुपारी दोन वाजता बॅगा पाण्यात उपड्या केल्या, बीज भर्रकन खोल गेलं, आणि आपलं काम झालं असं समजून मी जेवायला बसलो. तिसऱ्या दिवसापासून मरतूक सुरू झाली ती आठवडाभर थांबली नाही. बीज देणाऱ्याशी मी भांडलो. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडून, त्याच तळ्यासाठी बीज आणलं आणि ते टिकलं. फरक दोनच होते. बीज आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं, आणि मी ते दुपारी न सोडता सकाळी साडेआठला सोडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दिसणारी ही मरतूक प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि बॅग उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात ठरलेली असते. मधल्या प्रवासाला आपण उगाच जास्त दोष देतो.

आधी हे सांगा: मेलं कधी?

मला फोन आला की मी हाच प्रश्न आधी विचारतो. बॅग उघडतानाच मेलेलं होतं, सोडल्यावर दोन-चार तासांत मेलं, की दुसऱ्या ते पाचव्या दिवसात मेलं? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. बॅगेतली मरतूक सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी उरकतो.

बॅगेतच मेलं तर बहुतेक वेळा ऑक्सिजन संपलेला असतो, पाणी तापलेलं असतं, किंवा दोन्ही. आपल्याकडच्या १६ ते १८ लिटरच्या बॅगेत ५-६ लिटर पाणी आणि वरच्या दोन तृतीयांश जागेत ऑक्सिजन हे प्रमाण ठरलेलं आहे. पाणी जास्त घातलं की माशांना मोकळं वाटेल असं वाटतं, पण त्यामुळे वायूची जागा कमी होते आणि तोटाच होतो. साधारण ५ सेंटिमीटरची बोटुकली १० ते १२ तासांसाठी न्यायची तर मी बॅगेत दीडशेच्या वर टाकत नाही. दोनशे-अडीचशे टाकूनही बॅगा पोहोचतात, हे मला माहीत आहे. पण मी बॅगेत किती पोहोचलं हे मोजत नाही, पाचव्या दिवशी तळ्यात किती उरलं ते मोजतो.

उन्हाचं गणित दोन्हीकडून मारतं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळून राहतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. आणि पाणी १० अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणून प्रवास रात्रीचा ठेवायचा. बर्फ लागलाच तर तो बॅगांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, पाण्यात कधीच टाकायचा नाही.

एक गोष्ट ड्रायव्हरला आवर्जून सांगा. गाडी हलत असते तेव्हा बॅगेतलं पाणी डचमळतं आणि वरचा ऑक्सिजन पाण्यात मिसळत राहतो. गाडी ढाब्यावर तासभर उभी राहिली की ते मिसळणं मंदावतं. ऑक्सिजन बॅगेत भरपूर असूनही मासा तळाशी गुदमरू शकतो. थांबलात तर दर दहा-पंधरा मिनिटांनी बॅगा हाताने हलवा. बॅगा उभ्या ठेवण्यापेक्षा आडव्या ठेवल्या तर पाण्याचा पसारा वाढतो, आणि ऑक्सिजन जास्त जागेतून आत जातो. बंगालात बीजवाले पूर्वी हंडीतून बीज न्यायचे, आणि वाटभर हंडीतलं पाणी हाताने ढवळत बसायचे. त्यामागचं कारण हेच. सिलिंडर नसलेल्या काळातली ती पद्धत आजही काही सांगून जाते.

पंगस माशाचं बीज असेल तर बॅग दुहेरीच हवी. त्याच्या परांचा काटा एकेरी प्लास्टिकला भोक पाडतो, आणि बारीक भोकातून वायू गेलेला पहाटेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

सोडल्यावर दोन-चार तासांत मेलं तर

ही गोष्ट जरा सावकाश समजून घ्यायला हवी. इथे चांगले अनुभवी लोकही चुकतात, आणि काळजीपोटी चुकतात.

बंद बॅगेत मासा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो पाण्यात मुरतो आणि पाणी आंबट होत जातं, म्हणजे सामू (pH) खाली येतो. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाही पाण्यात उतरत असतो. अमोनियाची दोन रूपं असतात. आंबट पाण्यात तो बहुतेक निरुपद्रवी रूपात राहतो. सामू वर गेला की त्यातला वाटा विषारी रूपात जातो आणि कल्ले जाळतो. २८ अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात एक भागसुद्धा विषारी नसतो. सामू ८ झाला की साडेसहा भाग होतात. ९ झाला की चाळीस.

आता बॅग उघडल्यावर काय होतं ते पाहा. वरचा साठलेला वायू उडून जातो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही सुटायला लागतो, आणि सामू चढू लागतो. बारा तास साठलेला अमोनिया, जो बंद बॅगेत निवांत पडून होता, तो आता विषारी व्हायला लागतो. त्यात आपण काळजीने तासभर मगाने थोडं थोडं तळ्याचं पाणी बॅगेत घालत बसतो. तळ्याचं पाणी हिरवं असेल आणि वेळ दुपारची असेल तर त्याचा सामू ९ च्या आसपास असतो. म्हणजे मासा त्याच घाण पाण्यात ठेवून आपण ते पाणी हळूहळू विषारी करत असतो. हळू हळू सवय लावण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो बॅग बंद असताना पाळायचा.

माझी पद्धत अशी आहे. बॅग न उघडता सावलीतल्या पाण्यावर १५ ते २० मिनिटं तरंगत ठेवायची. उन्हात नको, कारण उन्हातली बंद बॅग काही मिनिटांत तापते. आतलं आणि बाहेरचं तापमान दोन अंशांच्या आत आलं की उघडायची. उघडल्यावर पाच-पाच मिनिटांनी दोन-तीन मग पाणी घालायचं, आणि पंधरा मिनिटांच्या आत बॅगेचं तोंड पाण्याखाली तिरकं धरून बीज स्वतःहून बाहेर जाऊ द्यायचं. ओतायचं नाही. ज्यांना बाहेर जायचं नाही, तळाशी आडवी पडून आहेत, ती वेगळी काढून मोजून ठेवायची. तो आकडा पुढे उपयोगी पडतो.

तळ्याचा सामू साडेआठच्या वर असेल तर मी थेट सोडत नाही. मधे एक टब ठेवतो. विहिरीचं पाणी आदल्या दिवशी भरून त्यात हवा सोडून ठेवलेली असते, आणि १०० लिटरला ३०० ग्रॅम खडेमीठ टाकलेलं असतं. बॅगेतलं बीज गाळून न घेता, थोड्या पाण्यासकट मगने उचलून त्या टबात घालायचं. अर्धा तास थांबायचं. अमोनियाच्या पाण्यातून मासा सुटतो आणि चढत्या सामूचा मार एकदम बसत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर रात्रभर हवा द्यायलाच हवी, कारण ते वर येतं तेव्हा त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन जाईपर्यंत ते एक दिवस उन्हात उघडं ठेवा.

सामू बघायच्या पट्ट्या आणि थर्मामीटर दोन्ही मिळून फार खर्चाचं काम नाही. बीजावर काही हजार रुपये घालणाऱ्या माणसाकडे या दोन वस्तू नसाव्यात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

मग सोडायचं कधी? सगळे सांगतात, पहाटे थंड वेळेला. गढूळ किंवा स्वच्छ पाण्याच्या तळ्यात ते ठीक आहे. पण शेवाळाने हिरव्यागार झालेल्या शेततळ्यात पहाटे पाच-सहाला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असतं. दमून आलेल्या बोटुकलीला तिथे सोडणं म्हणजे बॅगेतून काढून पुन्हा गुदमरवणं. दुपारी आणि संध्याकाळी उलटी गत होते, तेव्हा ऑक्सिजन भरपूर असतो पण सामू टोकाला गेलेला असतो. म्हणून हिरव्या तळ्यात मी सकाळी आठ ते नऊ हीच वेळ धरतो. सूर्य वर आलेला असतो, ऑक्सिजन वाढायला लागलेला असतो आणि सामू अजून चढलेला नसतो. एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर पहाटेही चालेल.

तिसऱ्या दिवशी मेलं तर: आदल्या दिवसाकडे जा

इथे मूळ आजार ताणाचा आहे. मासा जाळ्यात सापडला की त्याच्या रक्तात काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. साखर वाढते, तडफडीने स्नायूंत आम्ल साठतं. हे सगळं काही तासांत किंवा दिवसभरात खाली येऊ शकतं, जर पुन्हा ताण पडला नाही तर. पण आपण काय करतो? सकाळी जाळं ओढलं, दुपारी मोजणी केली, संध्याकाळी बॅगा भरल्या, रात्री हलवलं, सकाळी ओतलं. एकावर एक पाच धक्के. यात रोगप्रतिकारशक्ती दबलेली राहते, आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून निघतो. तो थर हेच माशाचं पहिलं संरक्षण असतं. बुरशी आणि जिवाणू पाण्यात नेहमीच असतात, त्यांना आता दार उघडं मिळतं. रोग वर यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मरतूक तेव्हा दिसते.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात, लिटरमागे ९ ग्रॅमच्या आसपास. ताणात कल्ले सैल पडतात, क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरतं. मासा धष्टपुष्ट दिसत असतानाही आतून रिता होत जातो. प्रवासाच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम मीठ घालण्यामागे एवढंच शास्त्र आहे. बाहेरच्या आणि आतल्या पाण्यातलं अंतर कमी झालं की झिरपणंही कमी होतं. बॅगेत पाच लिटर पाणी असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने अडीच-तीन चमचे. औषधांच्या महागड्या पुड्या बॅगेत टाकण्याआधी हे करून पाहा.

बॅग उघडताना पाणी नीट बघा. वरती फेस साचला असेल तर अंगावरचा थर सुटलाय. पाणी पिवळट-गढूळ झालं असेल आणि तळाशी विष्ठेचे धागे असतील तर बीज भरल्या पोटी आलंय. हे दुसरं मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं. भरल्या पोटाचा मासा ऑक्सिजन जास्त ओढतो, अमोनिया जास्त सोडतो आणि पाणी घाण करतो.

याला उपाय एकच, आणि तो बीज घेण्याआधी मागून घ्यायचा. बोटुकली प्रवासाच्या किमान २४ तास आधी जाळ्यातून काढून स्वच्छ, वाहत्या किंवा हवा दिलेल्या पाण्यात हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) ठेवायची, खाणं बंद. याला आपल्याकडे कंडिशनिंग म्हणतात. पोट रिकामं होतंच, शिवाय दाटीची सवय होते, जाळ्यातला पहिला धक्का उतरतो, आणि कमकुवत बीज तिथेच मरून बाजूला निघतं. बीज देणारा माणूस यात नाखूश असतो, कारण हाप्यात मेलेलं त्याच्या खात्यात जातं. त्याचंही म्हणणं समजून घ्या आणि त्या बीजाचे पैसे द्यायची तयारी ठेवा. शंभर बोटुकल्यांमागे पाच जास्तीच्या घेऊन कंडिशनिंग केलेलं बीज आणणं, हे स्वस्त बीज आणून अर्धं घालवण्यापेक्षा कधीही परवडतं.

मोजणी कोरड्या चाळणीत करू देऊ नका. पाण्यासकट मग भरून चार-पाच मगांतलं बीज मोजायचं आणि सरासरी काढायची. आकड्यात थोडं इकडेतिकडे होईल, पण खवले शाबूत राहतील. जाळं गाठी नसलेल्या मऊ कापडाचं हवं. कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हाताळणीला फार नाजूक, उड्या मारून स्वतःलाच जखमी करतात. रोहू, मृगळ त्या मानाने सोशिक आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सगळ्यात काटक. म्हणून मिश्र बीजात तिसऱ्या दिवशी कटलाच जास्त मेलेला दिसला तर बीजाच्या रोगावर शंका घेण्याआधी जाळं आणि मोजणी कशी झाली ते विचारा.

घेताना एक साधी परीक्षा करता येते. पसरट घमेल्यात वीस-पंचवीस बोटुकल्या घ्या आणि हाताने पाणी गोल फिरवा. ताकदीचं बीज प्रवाहाच्या उलट, कडेकडेने पोहतं. थकलेलं बीज मधोमध गोळा होतं. मधे गोळा होणारी निम्मी असतील तर त्या दिवशी गाडी भरू नका.

मरतूक सुरू झालीच आहे, आता काय?

मेलेलं बीज सकाळ-संध्याकाळ काढा आणि लांब पुरा. पहिला दिवस खाद्य बंद, नंतर दोन-तीन दिवस नेहमीच्या निम्मं कोंडा-पेंड. खाल्लं जात नाही ते कुजतं आणि पुन्हा अमोनियाच होतो. एअरेटर असेल तर रात्री चालवा.

अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी, बहुतेक जखमेवर बसलेली. पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा आणि शेपटी झिजलेली दिसली तर जिवाणूजन्य रोगाची शक्यता जास्त. ताजं, नुकतंच मरायला टेकलेलं बीज पाण्यासकट घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. मेलेलं, फुगलेलं बीज नेऊन कुणालाही काही सांगता येत नाही. अंदाजाने प्रतिजैविकं तळ्यात ओतू नका. पोटॅशियम परमँगनेटही थकलेल्या कल्ल्यांवर मी वापरत नाही, ते जंतूंसोबत कल्ल्यांनाही पोळतं.

मिठाबद्दल कुणीतरी सांगेल की सगळ्या तळ्यात टाका. हिशोब करा. दहा लाख लिटर पाण्याला तीन टन मीठ लागतं. आणि तेच पाणी उद्या डाळिंबाला द्यायचंय. मीठ हे टबाचं आणि बॅगेचं औषध आहे, शेततळ्याचं नाही.

एकही मेलेलं दिसत नाही, तरी बीज कमी झालंय

हा फोन सगळ्यात फसवा. लहान बोटुकली मेली की आधी बुडते, आणि वर यायच्या आत खेकडे, कीटक, दुसरे मासे तिला संपवतात. काठावर दहा दिसली तर तळाशी किती असतील याचा काही नेम नाही. दुसरीकडे, पाणकावळे आणि बगळे बीज फस्त करतात, किंवा पावसाच्या ओहोळातून मरळ हा शिकारी मासा आत शिरलेला असतो, तेव्हाही मेलेलं काहीच दिसत नाही.

दोन्हींत फरक करायचा तर सोडायच्या दिवशीच त्याच तळ्यात एक छोटा हापा बांधा, वरून जाळी टाका आणि त्याच बॅगांमधली मोजून शंभर बोटुकली त्यात ठेवा. ७२ तासांनी मोजा. हाप्यातली चाळीस मेली तर दोष प्रवासाचा किंवा सोडण्याचा. हाप्यातली पंच्याण्णव जिवंत आहेत आणि तळ्यातली दिसत नाहीत, तर बीज तुमच्यापर्यंत चांगलं पोहोचलं होतं. मग बीज देणाऱ्याला फोन लावायच्या आधी पाणकावळ्यांसाठी तळ्यावर दोरी ताणा आणि पाणी येतं त्या तोंडाला जाळी लावा.